पोराचे गुण

७ मार्च, मंगळवार
सकाळची फेरी वेळेत. चौदा मुलं नेली, चौदा उतरवली. लिव्हियाने पट्टा लावताना बोट चिमटून घेतलं, रडली, मग विसरली. आता शाळा सुटेपर्यंत आंब्याच्या सावलीत व्हॅन लावून बसलोय.

एकतीस वर्षं शहराची बस चालवली तेव्हा प्रत्येक पाळीनंतर कागद भरावा लागायचा. किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, वाटेत काय झालं. निवृत्त झाल्यावर कागद सुटला, सवय सुटली नाही, म्हणून ही वही. बहुतेक दिवशी लिहिण्यासारखं काही घडत नाही, आणि चालकाला यापेक्षा जास्त काय हवं?

रविवारी एदवान जेवायला आला होता. एकुलता मुलगा, गुरांची औषधं विकतो. आमच्या उबेराबा गावापासून दोनशे किलोमीटरपर्यंत जितके गोठे आहेत तितक्यांत याचा पाय लागतो. बायकोने, झेनाइदेने, भेंडी घालून कोंबडी केली होती. दुसऱ्यांदा वाढून घेताना तो म्हणाला, "बाबा, तुमच्या लायसनवर किती गुण आहेत?"

"शून्य. एकतीस वर्षं बस आणि सहा वर्षं व्हॅन. शून्य."

"तेच म्हणतो मी. चाळीसच्या चाळीस नुसते पडून आहेत."

दंडाच्या नोंदीला वाहतूक खातं 'गुण' म्हणतं, यातच सगळं आलं. जितके जास्त गुण तितका माणूस वाईट. फोन हातात धरून गाडी चालवली की सात, लाल दिवा तोडला की सात, वेग जास्त असला की चार नाहीतर पाच. सातवाले दोन झाले की एदवानसारख्याची हद्द विसावर येते, आणि वीस झाले की लायसन जप्त. आम्हा धंद्याच्या चालकांना काहीही झालं तरी चाळीसपर्यंत मुभा. एदवानचे चौदा भरलेत. फेब्रुवारीत त्याला पुन्हा फोनसकट पकडलंय, म्हणजे आणखी सात.

गाडीच्या मालकाला तीस दिवसांत कळवता येतं की गाडी मी नव्हे, अमका चालवत होता. त्याचा छापील कागद असतो. मालकाची सही, चालकाची सही. आमच्या गावात निम्म्या घरांतून हा कागद आजीच्या नाहीतर मावशीच्या सहीने जातो. ज्या बाईला गाडी कुठून सुरू करतात ते माहीत नाही, तिच्या नावावर लाल दिवे तोडल्याची नोंद असते, आणि कुणाला त्यात काही वाटत नाही.

मला वाटलं. एदवानने पुढे केलेल्या कागदावर लिहिलंय की त्या बुधवारी दहा वाजता गाडी मी चालवत होतो. त्या बुधवारी दहा वाजता मी इथेच, याच आंब्याखाली होतो. पण लायसन गेलं तर पोराची नोकरी गेली, आणि सुनेला, प्रिसिलाला, पाचवा महिना आहे.

"वर्षभरात आपोआप गळून पडतात हो," एदवान म्हणाला. "कुणाला कळणारसुद्धा नाही."

झेनाइदे ताटं उचलत होती. म्हणाली, "ज्याच्या हातात फोन होता त्याच्याच हातात पेन द्या ना."

तिचा स्वभावच तसा. मी सही केली.

२९ मार्च
एदवानची आणखी एक नोटीस. वेग. पाच गुण. माझे एकूण बारा.

नदीकडच्या रस्त्यावर, रविवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी. पोरगा रविवारसुद्धा सोडत नाही. मी त्याच्या वयाचा होतो तेव्हा रविवारी चेंडू खेळायला जायचो. झेनाइदेला मी हे म्हणालो, तर ती म्हणते, "गायींना रविवारी नदीवर औषध देतात का?"

चार दिवस झाले, तिला कशातच चांगलं दिसत नाही.

१८ एप्रिल
आज लिहायला नको वाटतंय.

लाल दिवा. सात. मोठ्या रस्त्यावरचा पोस्टापाशी असलेला चौक. याच चौकात मी अकरा नव्या चालकांना बस शिकवली. प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचो, पिवळा म्हणजे ब्रेक. काही जण हसायचे. त्यांतला एकही आजवर त्या चौकात दंड भरून आलेला नाही.

एदवानला म्हटलं, "तुला दिवा दिसला नाही?"

"दिसला ना. मागे ट्रक होता. थांबलो असतो तर घुसला असता."

मागे ट्रक असेल तर गोष्ट वेगळी. नोटिशीवर फोटो आहे, त्यात ट्रक आलेला नाही, पण फोटो फार जवळून काढतात.

सही केली. एकूण एकोणीस. झेनाइदे दोन दिवस बोलत नाहीये. आज सकाळी कॉफी ओतता ओतता फक्त एवढंच म्हणाली, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." मी म्हटलं, मी त्याचा बाप आहे, शेजारी बांधलेला बैल नाही. तर म्हणाली, "बैल बरा. त्याला सही करता येत नाही."

५ मे
गुरांच्या प्रदर्शनाचे दिवस. सगळं गाव ट्रकांनी भरलंय. सकाळच्या फेरीला नऊ मिनिटं उशीर, यंदाचा पहिला.

एदवान दोन नोटिसा एकदमच घेऊन आला. पाच आणि चार. सोबत आटवलेल्या दुधाच्या वड्यांचा डबा. एकूण अठ्ठावीस.

मी म्हणालो, "आता पुरे. जुलैत व्हॅनची सहामाही परवानगी नव्याने घ्यायची आहे. अठ्ठावीस गुण घेऊन मी त्या खिडकीवर जाणार नाही."

"जाऊच नका," तो म्हणाला. "शून्य घेऊन जा. धंद्याच्या चालकाला तीस गुण झाले की कोर्स करता येतो. तीस तास बसायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, सगळं साफ. पाटी कोरी."

मी फोन करून विचारलं. खरं निघालं. तीस ते चाळीसच्या मध्ये असलेल्यालाच हा कोर्स. आणि मी अठ्ठावीसवर अडकलोय. दोन कमी पडतात. शाळेत असल्यापासून पहिल्यांदाच मला गुण कमी पडले.

एदवान म्हणाला, "काळजी करू नका, बाबा, होईल काहीतरी." त्याच्यावर सोडलं तर पुन्हा सात आणेल. त्यापेक्षा माझं मी बघतो.

११ मे, गुरुवार
माझा पहिला गुन्हा. जसा झाला तसा लिहितो.

पुस्तकात शोधलं की सगळ्यात हलका कोणता. फूटपाथपासून अर्ध्या मीटरहून दूर गाडी उभी करणं, तीन गुण. मुलांना उतरवल्यावर रिकामी व्हॅन घेऊन बाजारात गेलो. पहिल्यांदा लावली ती सवयीने चार बोटांवर लागली. पुढे घेतली, पुन्हा लावली, पुन्हा चार बोटं. हात ऐकेनात. तिसऱ्यांदा डोळे दुसरीकडे करून लावली तेव्हा जमलं. खाली उतरून टेपने मोजलं. साठ सेंटिमीटर.

वीस मिनिटं उभा राहिलो. वाहतूक शिपाई झुवेनाल दोनदा समोरून गेला आणि दोन्ही वेळा हात हलवून गेला. शेवटी मीच हाक मारली.

"झुवेनाल, इकडे ये. दंड लिही."

"कुणाला?"

"मला. अंतर बघ."

त्याने अंतर पाहिलं, मग मला पाहिलं. "सेउ अर्जेमिरो, तब्येत बरी आहे ना?" वयाचा मान म्हणून सगळे मला सेउ म्हणतात.

"उत्तम आहे. साठ सेंटिमीटर आहे, मी मोजलंय."

"अहो, तुमच्या बसने मी शाळेत गेलोय. एकदा डबा विसरलो तर तुम्ही पुढच्या फेरीला घरून घेऊन आलात. सरकवा ती गाडी आणि घरी जा. झेनाइदेताईंना नमस्कार सांगा."

"झुवेनाल, मी तुझ्या कामात कधी ढवळाढवळ केली नाही. तू माझ्या करू नकोस."

"पण हे तुमचं काम कसं?"

मी म्हटलं, "मला गरज आहे रे." त्याने वही काढून लिहिलं. लिहिताना एकदाही वर पाहिलं नाही. कागद हातात देऊन म्हणाला, "एदवान कसा आहे?"

मी म्हटलं, मजेत आहे.

६ जून
कोर्सचा दुसरा दिवस. संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या खोलीत बारा जण. ट्रकवाले, टॅक्सीवाले, पिझ्झा पोचवणारा एक मोटरसायकलवाला, रुग्णवाहिकेवाला एक. शिकवणारी केइला नावाची पोरगी आहे, माझी नात शोभेल इतकी लहान, पण आवाज खणखणीत.

काल तिने प्रत्येकाला उभं करून विचारलं, तुम्ही काय केलंत? सगळ्यांनी सांगितलं. मोटरसायकलवाल्याने तर रंगवून सांगितलं. माझी पाळी आली. फोन, म्हटलं. लाल दिवा, म्हटलं. लोकांची पापं पाठ म्हणून दाखवल्यासारखं वाटलं.

"फोनवर कोण होतं, काका?" तिने विचारलं.

"माझा मुलगा."

वर्ग हसला. ती नाही हसली. म्हणाली, "बघा, मुलाने पाच मिनिटं थांबायला हवं होतं. बाप जिवंत घरी पोचणं महत्त्वाचं." मी मान हलवली.

आज तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. शेवटी म्हणाली, "काका, हा वर्ग तुम्ही घ्यायला हवा. तुमच्यासारखा माणूस इथे आलाच कसा?"

मोटरसायकलवाला मागून म्हणाला, "मुलामुळे." पुन्हा हसले सगळे. मीही हसलो, काय करणार.

१९ जून
शून्य. एदवानने त्याच्या फोनवर उघडून दाखवलं. एवढं मोठं शून्य, हिरव्या रंगात.

झेनाइदेने मक्याची खीर केली. कारण विचारलं नाही, जूनचा, सणांचा महिना आहे, घरोघर होतेच. एदवानने दोन वाट्या खाल्ल्या. "म्हटलं नव्हतं, बाबा? पाटी कोरी." मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आज रस्त्यावर कुणाच्याही नजरेला नजर देता आली.

११ जुलै, मंगळवार
सुट्टी आहे म्हणून व्हॅन धुऊन, पुसून तपासणीला नेली. पट्टे, टायर, दिवे, दार, सगळं एका फटक्यात पास. तपासणारा म्हणाला, सहा वर्षांची वाटत नाही. मग कागदांच्या खिडकीवर गेलो. चष्मेवाली बाई, दर वेळची तीच.

तिने नाव टाकलं, पडद्याकडे बघत राहिली.

"सेउ अर्जेमिरो, परवानगी नाही देता येत."

मी हसून म्हटलं, "शून्य आहेत. कोर्स केलाय. हे सर्टिफिकेट."

"गुण शून्य आहेत. गुन्हे दोन आहेत."

"म्हणजे?"

"गुण पुसले जातात, गुन्हा पुसला जात नाही. मुलं नेणाऱ्याच्या नावावर बारा महिन्यांत सातवाला गुन्हा एकच चालतो. तुमचे दोन आहेत. फोन आणि लाल दिवा."

"हे कुठे लिहिलंय?"

तिने माझ्या जुन्या परवानगीचा कागद उलटा केला. मागे, कलम चौथं. सहा वर्षांत बारा वेळा मी त्याच्या खाली सही केली आहे. कधी वाचलं नव्हतं. फोन आणि लाल दिव्याचे नियम मी कशाला वाचू? ते दुसऱ्यांसाठी असतात असंच धरून चाललो होतो.

हळूच विचारलं, "समजा, त्या दिवशी गाडी मी चालवत नसेन तर?"

"तर तसं लिहून द्या. पण मग या कागदावर सही कुणाची?"

"माझी."

"मग खोटं कधी लिहिलंत, तेव्हा की आता?" ती रागावून नाही बोलली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "दोन्हींकडून फौजदारी होते, काका. सही करणाऱ्यावर आणि करून घेणाऱ्यावरही. विचार करून लिहा. नाहीतर मार्चमध्ये या. फोनचं वर्ष भरेल, एकच उरेल, परवानगी मिळेल."

रांगेत मागे दुसरे व्हॅनवाले उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. मी सर्टिफिकेट घडी करून खिशात घातलं आणि निघालो. व्हॅन हळू चालवत घरी आणली.

१२ जुलै
एदवानला सांगितलं. तो खरोखर हळहळला. डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "असा नियम आहे हे मला कसं कळणार? व्हॅन तुम्ही चालवता, बाबा. तुम्हाला माहीत हवं होतं."

बरोबर आहे. मलाच माहीत हवं होतं.

जाताना म्हणाला, "त्या बाईपाशी काही लिहून-बिहून दिलं नाहीत ना?"

नाही, म्हटलं. त्याचा जीव भांड्यात पडला. प्रिसिलाचे दिवस भरत आलेत, अशा वेळी त्याला घोर नको.

१ ऑगस्ट
शाळा आज उघडली. पहाटे पाचला जाग आली, उठून दाढी केली, आणि मग आठवलं.

चौदाही घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो होतो. तब्येतीचं कारण दिलं. पण तपासणीच्या रांगेतलं काही झाकून राहत नाही. आज दुपारी मार्लुसियाबाई, लिव्हियाची आई, दारात उभी. आत ये म्हटलं तर आली नाही.

"मी ऐकलं ते खरं का? फोनमुळे परवानगी गेली?"

"हो."

"माझी मुलगी मागे बसलेली असताना?"

"नाही. व्हॅनमध्ये नाही. दुसऱ्या गाडीत. मुलं कधीच नव्हती."

"पण तुम्हीच होतात?"

आतून झेनाइदेच्या हातातलं भांडं थांबलेलं मला ऐकू आलं. मार्लुसिया वाट बघत होती. तिला 'नाही' ऐकायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. एक शब्द पुरला असता.

"मीच होतो," मी म्हणालो.

ती म्हणाली, "सेउ अर्जेमिरो, दुसऱ्या कुणाकडे पोरगी सोपवते तेव्हा मनातल्या मनात देवाचं नाव घेते. तुमच्याकडे देताना कधी घ्यावं लागलं नाही. मूर्ख होते मी." आणि गेली.

दार लावून वळलो तर झेनाइदे समोर. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती तोंड फिरवून रडली. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला तीनदा रडताना पाहिलंय, दोनदा कुणीतरी गेलं होतं.

२० ऑगस्ट, रविवार
एदवान आणि प्रिसिला बाळाला घेऊन पहिल्यांदा आले. तीन आठवड्यांचा झालाय. प्रिसिला दमली होती, आत जाऊन पडली. एदवानने बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि जन्माचा दाखला समोर धरला. "वाचा."

अर्जेमिरो तेओदोरो प्रादो, नातू. माझंच नाव, अक्षर न् अक्षर, शेवटी फक्त नातू म्हणून जोडलंय. मला चष्मा काढून पुसावा लागला. बापाचं नाव पोराला लावणं आता कोण करतं? सगळ्यांना टीव्हीतली नावं हवी असतात. मी झेनाइदेला म्हटलं, बघ, याला मन नाही म्हणायचीस.

कॉफी झाली. मग एदवानने दाखल्याच्या मागचा दुसरा कागद काढला.

सात गुण. रस्ता ओलांडणाऱ्याला वाट न देणं. मी जागा वाचली. शाळेच्या फाटकासमोरचे पांढरे पट्टे. तारीख तीन ऑगस्ट, वेळ बारा वाजून दोन मिनिटं. शाळा सुटते ती वेळ.

"मुलं होती पट्ट्यांवर?" मी विचारलं.

"होती एक-दोन. कुणाला लागलं नाही ना. त्यांनी ओरडून पळापळ केली म्हणून शिपायाचं लक्ष गेलं, नाहीतर काही नव्हतं."

"यावर सही केली तर मार्चमध्ये परवानगी मिळणार नाही."

"मार्च नाही तर मे." त्याने आवाज मऊ केला. "आणि खरं सांगू का, बाबा, तुमच्याकडे आता कोण मुलं पाठवणार आहे? लायसन कोरं आहे, व्हॅन बंद आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. ह्याच्याकडे बघा. ह्याचं दूध माझ्या नोकरीवर आहे."

बाळ झोपेत ओठ हलवत होतं. माझा डावा हात त्याच्या डोक्याखाली होता आणि उजवा पोटावर. मी हललो नाही. किती वेळ, ते पाहिलं नाही.

झेनाइदे उठली, पुढे आली आणि बाळाला उचलून घेतलं. "द्या इकडे," म्हणाली. "तुम्हाला सहीला हात मोकळे लागतील."

मी सही केली.

एदवानने कागदाची घडी खिशात घातली आणि आजीच्या खांद्यावरच्या बाळाच्या गालाला बोट लावलं. "अठरा वर्षांनी ह्याचंही लायसन येईल, बाबा," तो हसत म्हणाला. "तोपर्यंत तुम्ही सांभाळा."

"सांभाळतो," मी म्हणालो.